दुपारी चारचा ताप

"काय सांगू उना मावशी, नुसतं हेक्टिक चाललंय,"
मी म्हणाले, कोट न काढताच.
एका हातात फोन, दुसऱ्यात तिच्यासाठी आणलेला
आल्याचा केक, गाडीत दबून चपटा झालेला.
ॲबर्डीनच्या गोदामात नाताळाआधीचे तीन आठवडे,
माझ्या हाताखाली चाळीस माणसं,
त्यातली अकरा आज आलीच नाहीत.

मावशीनं केककडे पाहिलं नाही.
चौऱ्याण्णव वर्षांचा हात उलटा करून
माझ्या गालाला लावला
आणि विचारलं,
"किती वाजता चढतो?"

झालं, म्हटलं, आज हिचा दिवस बरा नाही.
नर्सला हाक मारावी म्हणून दाराकडे पाहिलं,
तर तिकडेही धांदल,
ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत पळत होतं.

पण ती भानावर होती, माझ्याहून जास्त.
"हा शब्द आम्ही तक्त्यावर लिहायचो," म्हणाली,
"डॉक्टरांच्या सहीशेजारी."

एकोणिसाव्या वर्षी ती लागली होती
डी नदीच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानात,
क्षयाच्या इस्पितळात.
खाटा व्हरांड्यात, बाराही महिने.
सकाळी पहिलं काम: ब्रश घेऊन
पांघरुणांवरचं बर्फ झाडायचं,
आणि मग बघायचं, खाली कोण कसं आहे.

नऊ नंबरला एल्सपेथ बुकन.
पीटरहेडची, हेरिंग साफ करणारी,
बोटांवर सुरीचे जुने वण.
सकाळभर मेणासारखी पडून असायची.
चार वाजले की अंगात यावं तशी उठून बसायची:
गालांवर रोवनच्या फळांचा लाल,
डोळे लखलखीत, जिभेला विश्रांती नाही.
सायकल घ्यायची आहे. ग्लासगोला जाऊन टायपिंग शिकायचंय.
भावाच्या पोरांना सात स्वेटर,
"सात, सिस्टर, आणि नाताळाच्या आत!"
रेशनच्या पुस्तकाच्या मागे यादी, यादीच्या मागे यादी,
पेन्सिल इतकी दाबून की कागद फाटायचा.

बुधवारच्या बसनं आई यायची.
बरोबर त्याच वेळी.
"पोरीच्या तोंडावर तेज आलंय हो!"
आणि आम्हाला सक्त ताकीद, काही बोलायचं नाही.

पहाटे चादरी पिळून काढाव्या इतक्या ओल्या.
पारा घसरून तळाशी.
तक्त्यावरची रेघ आरीच्या दातांसारखी,
रोज वर, रोज खाली,
रोज.

"ग्रीकांचा शब्द आहे, डॉक्टर सांगायचे.
मुळात ताप नव्हेच त्याचा अर्थ. सवय.
अंगवळणी पडलेलं काहीतरी.
माणसाला वाटतं आपण धावतोय,
आणि आत हाडं जळण म्हणून चाललेली असतात."
मग जरा थांबून, "हे शेवटचं डॉक्टर नाही म्हणाले.
हे माझं."

मला आठवली चारची पाळी.
पट्टे सुरू होतात, खोकी धडाधड घसरत येतात,
मी या टोकाकडून त्या टोकाकडे, घसा फोडून हसत,
आणि पोरं म्हणतात, बाई आज फॉर्मात.
आणि आठवले रात्रीचे तीन,
छताकडे पाहत मोजलेले ट्रक.
मावशीला यातलं काही सांगितलं नाही.

एल्सपेथचं पुढे काय झालं, तेही विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही. म्हणाली,
"कोट काढ. आणि केक काप, जाड काप."
मी कापला. कोट राहिला अंगावरच.

बाहेर आले तेव्हा सव्वाचार, गुडुप अंधार.
गाडीच्या काचेवर बर्फ धरू लागलेलं.
बहिणीचा निरोप: कशी आहेस?
मी दोनच अक्षरं टाइप केली,
पुढचा शब्द फोननं आपणहून लिहिला.
त्याला सवय झालीय.

उलटा हात गालाला लावून पाहिला.
थंडीनं बोटं इतकी बधिर
की काही कळेना.
मी निरोप पाठवून दिला.